लॅपटॉप बंद पडला, टॅलीचे काय?

प्रश्न : अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत आमचा टॉवेल आणि चादरींचा लहानसा यंत्रमाग कारखाना आहे. टॅली या सॉफ्टवेअरमधले हिशेब आणि जॅकार्डची (मागावर नक्षी विणणाऱ्या यंत्राची) डिझाइने मी लॅपटॉपवर करते. गेल्या शनिवारी संध्याकाळी लाइट दोन-तीनदा गेली-आली आणि चार्जिंगला लावलेला लॅपटॉप बंद पडला. आता बटण दाबले तरी दिवा लागत नाही, पंख्याचा आवाजही येत नाही. एक दुकानदार म्हणाले, "मदरबोर्ड गेला. बोर्ड बदलून देतो, पण डेटाची हमी नाही." दुसरे म्हणाले, "ठेवून जा, दोन दिवसांत विंडोज मारून देतो." लॅपटॉप २०२० च्या अखेरीस घेतला होता. त्याच्या खोक्यावर '२५६ जीबी एसएसडी, १ टीबी एचडीडी' असे छापले आहे. एप्रिलपासूनच्या टॅलीच्या नोंदी, चार वर्षांची डिझाइने आणि मुलीचे जन्मापासूनचे फोटो त्यातच आहेत. सीएंना दिलेला शेवटचा बॅकअप मार्चअखेरचा आहे. वीस तारखेला जीएसटीचे रिटर्न भरायचे आहे. धाकटे दीर म्हणतात, गेले ते गेले, नवीन घ्या. खरेच सगळे गेले का?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : सप्रेम नमस्कार. तुम्ही सांगितलेल्या लक्षणांवरून पाहता, सगळे गेले असण्याची शक्यता कमी आहे. दिवा नाही आणि पंखाही नाही, याचा अर्थ लॅपटॉपला वीजच पोहोचत नाही, आणि हा दोष अडॅप्टर, चार्जिंगची पिन, बॅटरी किंवा मदरबोर्डवरचा (आतल्या मुख्य सर्किट बोर्डावरचा) वीज वाटणारा भाग यांपैकी कशात तरी असतो. तुमचा डेटा यांपैकी कशातही नसतो. तो डिस्कमध्ये असतो, आणि तुमच्या लॅपटॉपमधल्या दोन्ही डिस्क बोर्डावरून सोडवून बाहेर काढता येतील अशा असण्याचीच शक्यता जास्त आहे. विजेच्या झटक्याने डिस्कही जळल्याची उदाहरणे आहेत, परंतु झटक्याचा पहिला मार बहुतेक वेळा अडॅप्टर आणि चार्जिंगचे सर्किट यांनाच बसतो.

दुकानदारांची दोन्ही उत्तरे नीट ऐकायला हवीत. पहिल्या दुकानदाराने 'डेटाची हमी नाही' असे म्हटले, म्हणजे त्याने फक्त स्वतःची जबाबदारी झटकली. डेटा गेला, असे तो म्हणालेला नाही आणि डिस्क न तपासता त्याला ते म्हणताही येणार नाही. दुसऱ्याचे उत्तर मात्र मला धोक्याचे वाटते. जे मशीन वीजच घेत नाही, त्यात विंडोज टाकून काहीही साध्य होत नाही. आणि बोर्ड दुरुस्त केल्यावर सवयीने कोणी फॉरमॅट मारून नवे विंडोज टाकले, तर आज शाबूत असलेला डेटा त्या दिवशी खरोखर जाईल. म्हणून लॅपटॉपची दुरुस्ती आणि डेटा काढणे ही दोन कामे अगदी वेगळी ठेवा, डेटाचे काम आधी करा, आणि तो दुसरीकडे उतरवून होईपर्यंत डिस्कसकट लॅपटॉप कोणाच्याही दुकानात ठेवून येऊ नका.

डिस्क काढण्याआधी थोडी तपासणी घरीच करता येते. जळका वास येत असेल, किंवा लॅपटॉपचा तळ फुगून तो टेबलावर सपाट बसत नसेल, तर चार्जर लगेच काढा आणि पुन्हा लावू नका. फुगलेली बॅटरी दाबणे किंवा टोचणे आगीला निमंत्रण आहे. तसे काही नसेल, तर त्याच व्होल्टेजचा आणि त्याच पिनचा दुसरा अडॅप्टर लावून पाहा. गोल पिनेचा अडॅप्टर असेल, तर कारखान्यातल्या वायरमनकडून मल्टिमीटरने तपासून घ्या. त्यावर जेवढे व्होल्ट छापलेले असतील (बहुधा १९ किंवा १९.५), तेवढे मिळायला हवेत. टाइप-सी चार्जरला ही परीक्षा लागू पडत नाही, कारण लॅपटॉपशी बोलणी झाल्याशिवाय तो ५ व्होल्टच्या वर जात नाही आणि चांगला चार्जरही बिघडलेला वाटतो. यानंतर चार्जर काढून, बॅटरी बाहेरून निघत असेल तर तीही काढून, पॉवरचे बटण अर्धा-एक मिनिट दाबून धरा, सोडा, आणि फक्त चार्जर लावून चालू करून पाहा. झटक्यानंतर अडकून बसलेला बोर्ड एवढ्याने सुटल्याची उदाहरणे आहेत. लॅपटॉप चालू झालाच, तर दुसरे काहीही करण्याआधी बाहेरच्या हार्डडिस्कवर डेटा उतरवून घ्या. एकदा असा रुसलेला बोर्ड पुन्हा केव्हा बंद पडेल हे सांगता येत नाही.

तो चालू झाला नाही, तर मागचे झाकण उघडावे लागेल. खोक्यावरच्या ज्या ओळीचा तुम्ही उल्लेख केला आहे, ती येथे फार उपयोगी आहे. तिचा अर्थ असा, की तुम्हाला दिसणारे 'सी' आणि 'डी' हे एकाच डिस्कचे दोन भाग नसून बहुधा दोन स्वतंत्र वस्तू आहेत. विंडोज आणि 'सी' २५६ जीबीच्या एसएसडीवर, म्हणजे आत काहीही न फिरणाऱ्या चिपच्या डिस्कवर असणार, आणि 'डी' एक टीबीच्या फिरत्या हार्डडिस्कवर असणार. डेस्कटॉपवर ठेवलेल्या फायली, डाउनलोड आणि बहुतेक वेळा टॅलीसुद्धा 'सी'वर असते. डिझाइने आणि फोटो तुम्ही 'डी'वर ठेवत असाल. दुकानात एकच डिस्क काढून 'यात टॅली नाही' असे कोणी सांगितले, तर दुसरी डिस्क आतच राहिली आहे हे तुम्हाला ठाऊक असले पाहिजे.

झाकण उघडण्याचे काम हाताला सवय असलेल्या माणसाकडून तुमच्या समोर करून घ्यावे. हे अर्ध्या तासाचे काम आहे, त्यासाठी लॅपटॉप ठेवून जाण्याची गरज नाही. उघडल्यावर सर्वांत आधी बॅटरीचा जोड काढायचा, मगच बाकीच्या भागांना हात लावायचा. हार्डडिस्क लगेच ओळखू येते : तळहाताएवढी, धातूच्या पत्र्याची, वर कागदी लेबल असलेली. एसएसडी मात्र शोधावी लागते, कारण ती २२ मिलिमीटर रुंद आणि बहुधा ८० मिलिमीटर लांब अशी पातळ पट्टी असते आणि एका टोकाला एकाच बारीक स्क्रूने दाबून बसवलेली असते. तो स्क्रू काढला की पट्टीचे टोक आपोआप तिरपे वर उठते. ती त्याच तिरप्या रेषेत हलकेच ओढायची, उभी उपटायची नाही. उन्हाळ्यात आपल्याकडची हवा इतकी कोरडी असते, की कृत्रिम धाग्याच्या कपड्यांवरून हात फिरला तरी ठिणगी जाणवते. म्हणून पट्टीला हात लावण्याआधी नळाच्या किंवा खिडकीच्या लोखंडाला स्पर्श करावा आणि पट्टी कडेने धरावी. तुमचा लॅपटॉप मागाच्या शेडमध्ये चालत असणार, म्हणून आणखी एक सांगतो. पंख्याच्या जाळीवर सुताची लव चटईसारखी बसलेली दिसेल. ती त्याच वेळी फुंकून काढण्याचा मोह आवरा. आधी दोन्ही डिस्क बाहेर काढून पिशवीत ठेवा, मग साफसफाई.

आता या डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडण्यासाठी केसिंग, म्हणजे डिस्क आत बसवून यूएसबीने जोडण्याची डबी लागेल. हार्डडिस्कसाठी 'साटा ते यूएसबी' केबल किंवा केसिंग काही शे रुपयांत नवी पेठेत मिळते. एसएसडीच्या पट्टीचे केसिंग थोडे महाग असते आणि ते घेताना चूक होण्याचा संभव असतो, कारण दिसायला सारख्या असणाऱ्या पट्ट्यांचे दोन प्रकार आहेत : एनव्हीएमई आणि साटा. जोडणीच्या टोकाला एक खाच असेल तर साधारणपणे एनव्हीएमई, दोन असतील तर बहुधा साटा. परंतु खाचांवर विसंबण्यापेक्षा दोन्ही प्रकार चालणारे केसिंगच मागून घ्यावे. हार्डडिस्क संगणकाला थेट जोडा, यूएसबी हबमधून जोडू नका. सुरू होताना तिला बराच प्रवाह लागतो, आणि तो अपुरा पडला की चांगली डिस्कही टकटक करून बंद पडते, आणि मग ती बिघडली असा उगाच निष्कर्ष निघतो.

जोडल्यावर विंडोजने 'ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल' अशी चौकट दाखवली, तर ती रद्द करा. या एका चौकटीवर घाईने 'हो' म्हटल्यामुळे कितीतरी लोकांचा डेटा गेला आहे. 'डिस्क तपासून दुरुस्त करू का' या प्रश्नालाही नकारच द्या. फोल्डर उघडताना 'तुम्हाला परवानगी नाही' असे आले, तर मात्र घाबरायचे कारण नाही. जुन्या मशीनवरच्या खात्याचे ते कुलूप असते, 'कंटिन्यू' दाबल्यावर थोडा वेळ घेऊन उघडते. टॅलीप्राइमचा (टॅलीच्या आताच्या आवृत्तीचा) डेटा नेहमीच्या मांडणीत 'सी'वरच्या 'यूजर्स' फोल्डरमध्ये, त्यातल्या 'पब्लिक'मध्ये, 'टॅलीप्राइम' नावाखाली 'डेटा' या फोल्डरात असतो. आत तुम्हाला कंपनीचे नाव सापडणार नाही, नुसते आकड्यांचे फोल्डर दिसतील. तो प्रत्येक आकडा म्हणजे एक कंपनी असते. एकेक फाइल निवडत बसू नका, 'डेटा' फोल्डर पूर्ण उचला. उतरवण्याचा क्रमही ठरवून घ्या : आधी टॅली, कारण ती आकाराने लहान आणि पुन्हा लिहायला सर्वांत कठीण, मग डिझाइने, मग फोटो. आकाराने मोठे व्हिडिओ सर्वांत शेवटी.

येथपर्यंत सुरळीत झाले तर काम संपले. दोन ठिकाणी मात्र अडू शकते.

पहिली अडचण बिटलॉकरची, म्हणजे विंडोजच्या डिस्क-कुलपाची. गेल्या काही वर्षांतल्या पुष्कळ लॅपटॉपवर विंडोज मालकाला ठळकपणे न विचारताच डिस्कला कुलूप घालून ठेवते, आणि ती डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडली की ४८ अंकी रिकव्हरी की मागते. हे कुलूप तोडणारे कोणी भेटले आणि पैसे मागू लागले, तर देऊ नका. ते तुटत नाही. किल्ली मात्र बहुतेकदा कुठेतरी ठेवलेली असते. ज्या ईमेलने लॅपटॉप पहिल्यांदा सुरू केला, त्या मायक्रोसॉफ्ट खात्यात मोबाइलवरूनही लॉगिन करता येते, आणि तिथे डिव्हाइसच्या माहितीत रिकव्हरी की पाहता येते. पडद्यावर किल्लीचा जो ओळखक्रमांक दिसतो, त्याची पहिली आठ अक्षरे खात्यातल्या नोंदीशी जुळवून मगच अंक भरा. खरी गोची वेगळीच असते. आपल्याकडे नवा लॅपटॉप दुकानदार, भाचा किंवा कारखान्यातला एखादा मुलगा 'सुरू करून' देतो आणि त्या घाईत स्वतःचाच ईमेल टाकून मोकळा होतो. तुमच्या खात्यात किल्ली सापडली नाही, तर २०२० मध्ये तो लॅपटॉप कोणी सुरू करून दिला होता हे आठवून त्या व्यक्तीला तिच्या खात्यात पाहायला सांगा. हे आजच करा, कारण डिस्क उघडायला घेतल्यावर ऐनवेळी शोधाशोध नको. आणि लॉगिन केलेलेच आहे, तर त्याच खात्याचे वनड्राइव्हही (मायक्रोसॉफ्टची इंटरनेटवरची साठवण) पाहून घ्या. डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स हे फोल्डर तुमच्या नकळत तिथे जाऊन बसलेले असू शकतात.

दुसरी अडचण हार्डडिस्कची. ती जोडल्यावर ठराविक लयीत टक-टक असा आवाज आला, किंवा ती फिरून पुन्हा पुन्हा थांबू लागली, आणि वर सांगितल्याप्रमाणे थेट जोडूनही तसेच होत असेल, तर ताबडतोब काढा आणि पुन्हा लावून पाहू नका. आतल्या तबकड्यांवरून वाचन करणारी टोके बिघडली असतील, तर प्रत्येक नवा प्रयत्न तबकडीवर ओरखडे पाडू शकतो, आणि ओरखडा गेलेल्या जागेवरचे कोणालाच परत मिळत नाही. अशी डिस्क फ्रीजरमध्ये ठेवण्याचा जुना तोडगा अजून सांगितला जातो; त्याने आत दव धरते, दुसरे काही होत नाही. ती उघडूनही पाहू नका. बऱ्याच हार्डडिस्कच्या वरच्या पत्र्यावर एक बारीक छिद्र असते आणि शेजारी ते झाकू नका अशी सूचना छापलेली असते. आतबाहेरचा हवेचा दाब सारखा राहावा म्हणून ते छिद्र असते आणि त्यालाही आतून गाळणी बसवलेली असते. छिद्रातून येणारी हवासुद्धा जिथे गाळून घ्यावी लागते, तिथे एमआयडीसीतल्या टेबलावर झाकण उघडले तर काय होईल, याची कल्पना तुम्हीच करा. विजेच्या झटक्याने हार्डडिस्कच्या खालचा हिरवा सर्किट बोर्ड जळला असेल, तर त्याच मॉडेलचा दुसरा बोर्ड लावून देतो असे सांगणारेही भेटतात. आताच्या डिस्कमध्ये प्रत्येक बोर्डावर त्या विशिष्ट डिस्कची माहिती साठवलेली चिप असते, आणि ती चिप हलवल्याशिवाय बोर्ड बदलून उपयोग होत नाही.

अशी वेळ आली तर पुण्याच्या एखाद्या डेटा रिकव्हरी प्रयोगशाळेत जावे लागेल. डिस्क कुरिअरने पाठवण्यापेक्षा हुतात्मा एक्स्प्रेसने स्वतः नेणे मला बरे वाटते. फोमच्या आवरणात गुंडाळून हातातल्या पिशवीत ठेवावी, सामानाच्या बॅगेत नाही. तिथे तीन गोष्टी लेखी घ्या : तपासणीची फी किती, डेटा मिळाला नाही तर काय आकारणार, आणि डिस्क उघडण्याआधी तुमची संमती घेणार का. खर्च काही हजारांपासून पुष्कळ वर जाऊ शकतो. म्हणून हार्डडिस्कमध्ये नेमके काय आहे याचा विचार आधी करा. टॅली एसएसडीवर सुखरूप मिळाली असेल, तर उरतात डिझाइने आणि फोटो. जी डिझाइने मागावर चढली, ती पंच केलेल्या कार्डांच्या रूपाने तुमच्याकडेच आहेत, इलेक्ट्रॉनिक जॅकार्ड असेल तर कंट्रोलरमध्ये किंवा पेन ड्राइव्हवर आहेत. ग्राहकांना मंजुरीसाठी पाठवलेली व्हॉट्सअॅपवर सापडतील, जरी ती मूळ प्रतीची नसतील. फोटोंना मात्र असा पर्याय नसतो, आणि त्यांच्यासाठी किती खर्च करायचा हे घरातल्यांनीच ठरवायचे.

या सगळ्यात वीस तारीख चुकवण्याची गरज नाही. रिटर्न भरण्यासाठी टॅली असलीच पाहिजे असा नियम नाही. एप्रिलपासून भरलेल्या जीएसटीआर-१ मधली (विक्रीच्या विवरणातली) बिले जीएसटीच्या पोर्टलवरून उतरवता येतात, खरेदीची बाजू तिथल्याच जीएसटीआर-२बी या तक्त्यात दिसते, ई-वे बिले त्यांच्या पोर्टलवर असतात, आणि चालू महिन्याच्या बिलांच्या छापील प्रती फाइलला असतीलच. तुमच्या सीएंना आजच फोन करून परिस्थिती सांगा. एवढ्या साहित्यावर या महिन्याचे विवरण भरले जाईल. रोखीचे व्यवहार आणि कामगारांची उचल मात्र यातून परत मिळणार नाही, त्यासाठी टॅलीच लागेल.

असाच प्रश्न दुसऱ्या बनावटीच्या लॅपटॉपबद्दल पडलेल्यांसाठी एवढेच सांगतो : काही स्वस्त लॅपटॉपमध्ये साठवण बोर्डावरच कायमची चिकटवलेली असते. अॅपलच्या २०१८ पासूनच्या टी-२ चिपच्या आणि २०२० पासूनच्या अॅपलच्या स्वतःच्या चिपच्या मॅकबुकमध्ये ती त्या चिपशी कुलूपबंदही असते. तिथे डिस्क काढण्याचा मार्गच नाही. डेटा मिळावा एवढ्यापुरता तरी बोर्ड जिवंत करू शकणारा कुशल कारागीर गाठावा लागतो.

डेटा हाती आल्यावर लॅपटॉप दुरुस्तीला द्यायचा असेल, तर दोन्ही डिस्क घरी ठेवूनच द्या. बोर्ड तपासायला आणि दुरुस्त करायला तुमच्या डिस्कची गरज नसते. चाचणीसाठी दुकानदार स्वतःची डिस्क लावू शकतो. त्यामुळे बँकेचे पासवर्ड आणि घरचे फोटोही परक्या हातात जात नाहीत. वॉरंटी संपून गेली असणार, तेव्हा कंपनीच्या केंद्राचा आग्रह धरण्याचेही कारण नाही. बोर्ड बदलला आणि बिटलॉकर चालू असेल, तर जुनी एसएसडी परत बसवल्यावर ती पुन्हा तीच ४८ अंकी किल्ली मागेल, कारण कुलपाची आतली जोडणी जुन्या बोर्डावरच्या चिपशी होती. म्हणून सापडलेली किल्ली कागदावर लिहून हिशेबाच्या फाइलमध्ये लावा.

नव्या किंवा दुसऱ्या संगणकावर टॅलीप्राइम टाकताना जुन्या मशीनवर होती तीच किंवा त्यापुढची आवृत्ती घ्या, आणि उतरवलेल्या 'डेटा' फोल्डरची आणखी एक प्रत करून त्या प्रतीवरच ती उघडा, कारण आवृत्ती पुढची असेल तर टॅली डेटाचे रूप बदलून घेते आणि तो मागच्या आवृत्तीत परत उघडत नाही. कंपनीला टॅलीव्हॉल्टचा (टॅलीतला डेटा कुलूपबंद करणाऱ्या सोयीचा) पासवर्ड असेल तर तो आठवून ठेवा. त्यावर मागचा दरवाजा नाही. लायसन्सची काळजी करू नका, ते डेटापासून वेगळे असते आणि तुमच्या टॅली खात्यातून नव्या मशीनवर पुन्हा सुरू करून घेता येते. कंपनी उघडली की एप्रिलपासूनची महिनावार विक्री पोर्टलवरच्या जीएसटीआर-१ शी जुळवा आणि बँकेची शिल्लक पासबुकाशी ताडून पाहा. दोन्ही जुळेपर्यंत जुन्या दोन्ही डिस्कवर काहीही लिहू नका आणि पुसूही नका.